न उचललेला भंडारा

ताट माझ्या दारासमोर आलं आणि थांबलंच नाही.

मी उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसले होते. पुढं हलगीवाले, त्यांच्यामागं खंडोबाच्या देवळाचे गुरवमामा, त्यांच्या हातात पितळी ताट, ताटात बेलाची पानं आणि भंडारा. आणि सगळ्यांच्या मागं कडक इस्त्रीतले संग्रामभैया वेळापुरे, आमचे आमदार. विधानसभेचं मतदान तोंडावर आलं होतं. प्रत्येक दारापुढं ताट थांबायचं, घरातला कर्ता पुरुष बाहेर यायचा, बेल-भंडारा उचलून कपाळाला लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "ह्या घरची सगळी मतं भैयांना." झाला शब्द. खंडोबाला साक्ष ठेवून दिलेला. तो मोडला तर उचलणाऱ्याच्या जिवावर बेततं, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

अलीकडच्या हणमंतूच्या दारी ताट थांबलं. मग माझं दार. गुरवमामांनी माझ्याकडं न बघताच पाऊल पुढं टाकलं.

"मामा, आमचं घर राहिलं की," मी म्हटलं.

"तुमच्या घरचं मल्लिनाथ उचलतो ना," मामा चालता चालताच बोलले.

मल्लिनाथ म्हणजे माझा धाकटा दीर. आमच्याच चाळीत, तीन खोल्या सोडून राहायचा.

"मल्लिनाथनं त्याच्या घरचं उचलावं. ह्या घरात मी राहते. आणा इकडं, मी उचलते."

हलगी बंद पडली. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून बघायला लागल्या. भैया पुढं आले. हसण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. हसत म्हणाले, "कस्तुराबाई, तुम्ही कशाला तोशीस घेता? रीत आहे ती. आपण कोण मोडणार?"

गुरवमामा जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुला चालत नाही. बसवंता गेला ना. भंडारा सवाष्णीच्या आणि पुरुषाच्या कपाळाला."

दुसऱ्या गावात कसं असतं देव जाणे. आमच्या गल्लीत नवरा गेलेल्या बाईला भंडारा लावत नाहीत. ती देवळात जाते, पायरीशी बसते, जत्रेत उधळलेला भंडारा अंगावर पडला तर झटकून टाकते. तीन वर्षं मी ते मुकाट्यानं केलं होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मतदानाला बाई चालते, यादीत तिचं नाव चालतं, रिक्षात घालून बूथवर न्यायला चालते. फक्त तिचा हात चालत नाही. नवरा गेला तेव्हा बायकांनी माझं कुंकू पुसलं होतं, माझं मत कोणी पुसलं होतं?

मी आणखी बोलणार तोच मल्लिनाथ धावत आला. त्यानं दोनदा बेल-भंडारा उचलला. एकदा म्हणाला, "माझ्या घरची मतं भैयांना." मग माझ्या दाराकडं बोट करून म्हणाला, "आणि ह्या पण घरची." भैयांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. हलगी पुन्हा सुरू झाली आणि ताट पुढं गेलं.

आता ह्या मतदारसंघाची जन्मकथा थोडी सांगायला पाहिजे, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. कागदावर त्याचं नाव काही का असेना, आम्ही त्याला गिरणगेट म्हणतो, कारण भागीरथी गिरणीच्या गेटभोवती तो उभा राहिला. माझी सासू सांगायची, पहिल्या निवडणुकांना गिरणीचा भोंगा झाला की पाळीवरचे लोक कपड्यावरचा कापूस झटकत सरळ मतपेटीकडं जायचे. लाल बावट्याचे कॉम्रेड यन्नम निवडून यायचे. विधानसभेत जायचे ते सायकलवरून स्टेशन गाठून. मग संप झाला, तो फसला, आणि गिरणीच्या कँटीनचे ठेकेदार आप्पासाहेब वेळापुरे, म्हणजे भैयांचे वडील, उभे राहिले. पहिल्यांदा आपटले. आपटल्यावर त्यांना एक गोष्ट कळली. माणसं दिवसा आपला चहा पितात आणि पेटीत चिठ्ठी भलत्याला टाकतात. तेव्हा सगळ्या पेट्या एकत्र ओतून मोजायचे, कुठल्या गल्लीनं काय केलं ते ब्रह्मदेवालासुद्धा कळत नसे. मग आप्पांनी पाळतीला खंडोबालाच बसवलं. पुढच्या निवडणुकीला बेल-भंडाऱ्याचं ताट निघालं आणि आप्पा निवडून आले. त्यानंतर ते ताट कधी थांबलं नाही. पुढं मशिनं आली, बूथवार आकडे समजायला लागले. तरी ताट निघायचंच. देव आणि मशीन, दोघंही वेळापुऱ्यांच्या बाजूला.

त्यांच्याच राज्यात गिरणी बंद पडली. पुरुष घरी बसले. कापसाची धूळ छातीत घेऊन बसलेले लोक ते, काही दारूनं गेले, काही दम्यानं. माझा बसवंता खोकून खोकून गेला. म्हणून आमच्या गल्ल्यांमधून विधवा बायका इतक्या. शहरातल्या दुसऱ्या भागात इतक्या सापडायच्या नाहीत.

आणि त्या निवडणुकीच्या आधी मतदारसंघाची नवी आखणी झाली. कुठंतरी लांब बसलेल्या साहेबांनी नकाशावर रेघ ओढली आणि बंगल्यांचा सगळा भाग शेजारच्या मतदारसंघात गेला. वेळापुऱ्यांची हक्काची मतं ती. भैयांकडं राहिल्या गिरणीच्या चाळी आणि त्यांच्या गल्ल्या. म्हणून त्या वर्षी ते स्वतः ताटामागं चालत होते, एरवी नुसता त्यांचा फोटो यायचा.

संध्याकाळी मल्लिनाथ तावातावानं घरात शिरला. माझी पद्मा दहावीचा अभ्यास करत होती, तिला म्हणाला, "तू बाहेर बस." मग माझ्याकडं वळला. "वहिनी, भर गल्लीत शोभा केलीत. भैया काय म्हणाले असतील?"

"भैया काय म्हणाले ते राहू दे. माझ्या खोलीचं काय म्हणाले ते सांग."

ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. निवडून आल्यावर भैया गिरणीची जागा एका बिल्डरच्या घशात घालणार होते. तिच्यावरची आमची चाळ पाडायची, मागच्या कोपऱ्यात एक इमारत बांधायची, आणि तिच्यात दर कुटुंबाला एक घर. आणि भैयांच्या माणसानं मोजणी करताना माझी खोली आणि मल्लिनाथची खोली एकच कुटुंब म्हणून धरली होती. कर्ता पुरुष एक, म्हणजे घर एक.

"तुम्ही आमच्यातच राहायचं की," मल्लिनाथ म्हणाला. "आम्ही काय परके आहोत? मोरीशेजारी जागा होईल, पद्माचं लग्न होईस्तोवर."

"मोरीशेजारी."

"मग काय महालात राहायचंय?"

"मला माझ्या खोलीत राहायचंय. बसवंतानं ह्याच खोलीत जीव सोडला. मी विड्या वळून हिचं भाडं भरते. तू किती भरलंस?"

"शब्द गेलाय, वहिनी. माझ्या तोंडून गेलाय. आता उगीच काही वेडंवाकडं करू नका. माझ्या जिवाशी खेळ आहे." खरंच घाबरला होता तो, हे मला दिसत होतं. पण स्वतःच्या जिवासाठी त्यानं माझी खोली ताटात टाकली होती, हेही दिसत होतं.

भैयांच्या विरोधात त्या वेळी विमलताई यन्नम उभ्या होत्या. कॉम्रेडांची मुलगी, महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. ना हलगी, ना ताट, दोन बायकांना घेऊन दारोदार फिरायच्या. माझ्या उंबऱ्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं आणि म्हणाल्या, "मी आले तर चाळ पाडू देणार नाही. आणि खोली जी राहतेय तिच्याच नावावर होईल. एवढंच सांगायचंय."

"ताई, इथं बेल-भंडारा उचललाय सगळ्यांनी."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "हो. प्रत्येक दारात हेच ऐकते. देवापुढं मी काय बोलणार, कस्तुराबाई?" आणि उठून गेल्या. हरलेल्या बाईचा चेहरा होता तो, मतदानाच्या आधीच हरलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी वळलेल्या विड्या घेऊन ब्रँचवर गेले. विडी कारखान्याची ब्रँच म्हणजे आमच्या बायकांची चावडी. तीन-चार गल्ल्यांच्या बायका तिथं रांगेत बसतात, विड्या तपासून घेतात, पानं-तंबाखू घेऊन परत येतात. त्यातल्या निम्म्या माझ्यासारख्याच, मोकळ्या कपाळाच्या. ताटाचा विषय निघाला.

"माझ्या नावानं माझ्या पोरानं उचलला," एक म्हणाली. "मला वाटतं यन्नम बाईला द्यावं. पण देव कोपायचा."

गौराबाई रांगेत पुढं बसली होती. सगळ्यांत म्हातारी, तोंडानं फटकळ, तिच्या वाटेला विड्या तपासणारा चेकरसुद्धा जायचा नाही. तिनं तंबाखूची पिंक टाकली.

"कुणावर कोपायचा गं? देव आंधळा आहे का? माझ्या हाताला भंडारा लागून जमाना झाला. मला देवळाच्या पायरीवर बसवतात. मी काही उचललं नाही, मी काही बोलले नाही. ज्यानं उचलला त्यानं त्याच्या मताचं बघावं. ह्यांनी मला शपथेतून हाकलली आणि वर मी शपथ पाळू होय? थुत् त्यांच्या."

चेकरनं पुढचं नाव पुकारलं तरी त्या नावाची बाई उठली नाही. मग तिसऱ्या गल्लीची एक पोरगी, नुकताच नवरा गेलेली, हळूच म्हणाली, "खरंच की." एवढंच. पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही. पण त्या दिवशी ब्रँचवरून घरी येताना माझी पावलं हलकी पडत होती.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर टेबल मांडून मल्लिनाथ बसला होता. जगदेवी, त्याची बायको, माझ्या पुढं रांगेत होती, कपाळभर कुंकू, हिरवा चुडा. तो आम्हा दोघींनाही म्हणाला, "दुसरं बटण. लक्षात आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

आत गेले, आणि पुठ्ठ्यामागं उभी राहिले तेव्हा बोट आधी दुसऱ्या बटणाकडंच गेलं, खोटं कशाला सांगू. आजवर मी बसवंताच्या सांगण्यानं मत दिलं होतं आणि त्याच्याआधी बापाच्या. मग मी दुसरं बटण सोडलं आणि विमलताईंचं दाबलं. मशीन पीं करून ओरडलं. बाहेर मल्लिनाथनं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

भैया पडले. थोडक्यात पडले, पण पडले. आम्ही पाडलं असा माझा दावा नाही, मतदारसंघ मोठा असतो, शंभर कारणं असतात. पण बूथवार आकडे आले आणि आमच्या चाळीच्या गल्लीतल्या, शेजारच्या दोन्ही गल्ल्यांतल्या बूथवर घराघरांतून शब्द दिलेला असताना मतं फुटलेली दिसली. भैयांनी सगळ्यांना देवळात बोलावलं. पुरुष आत मंडपात, बायका पायरीशी.

भैया त्या दिवशी हसत नव्हते. "मशीन खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "आणि देवही. इथं कुणीतरी बेल-भंडारा मोडलाय. ज्यानं मोडला त्यानं उठून सांगावं. नाहीतर पुन्हा ताट फिरेल आणि प्रत्येकानं पुन्हा उचलायचा, की मी मोडला नाही."

ताट फिरलं. एकेक पुरुष उचलत गेला. हणमंतू तर रडायलाच लागला, "मी नाही हो, पोरांची आण." मल्लिनाथची पाळी आली तेव्हा त्याचा हात ताटापर्यंत गेला आणि थांबला. तो मागं वळून पायरीकडं बघायला लागला. माझ्याकडं.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही सांगा. मी दोन घरांचा शब्द दिलाय."

भीतीनं मेलेली ती माणसं बघून मला त्यांची कीव यायला पाहिजे होती. नाही आली. मला संताप आला. मी पायरीवरून उठले आणि मंडपात गेले, जिथं मी जात नसते.

"मी यन्नम बाईला मत दिलं."

"काय?" मल्लिनाथ ओरडला.

भैया म्हणाले, "म्हणजे तू मोडलास भंडारा."

"मी उचललाच नव्हता. मागितला होता. तुमच्या तोंडावर मागितला होता, भैया. तुम्हीच म्हणालात, रीत आहे, आपण कोण मोडणार."

मागून गौराबाईचा आवाज आला, "मला पण कुणी दिला नव्हता." मग पायरीवरच्या बाकीच्या बायका नुसत्या उभ्या राहिल्या. मोकळ्या कपाळाच्या सगळ्या. भैयांनी त्या बघितल्या. मोजल्या असाव्यात. मग त्यांनी गुरवमामांकडं बघितलं आणि मामांनी जमिनीकडं. एवढ्या निवडणुका ताट फिरवलं आणि निम्मी गल्ली शपथेबाहेर ठेवली, हे त्या दोघांच्या टाळक्यात तेव्हा शिरलं.

पण पुढारी तो पुढारी. चार महिन्यांवर महापालिकेची निवडणूक होती. भैयांच्या चेहऱ्यावर हसू परत आलं. "चुकलंच आमचं," ते म्हणाले. "मामा, द्या त्यांना भंडारा. आजपासून रीत बदलली. आपल्या आया-बहिणी आहेत त्या."

ताट माझ्यासमोर आलं. बसवंता गेल्यापासून पहिल्यांदा. हळदीचा वास नाकात शिरला आणि माझे डोळे भरले. मला तो भंडारा पाहिजे होता. त्या माणसाच्या सांगण्यानं मिळत होता तरी पाहिजे होता. मी चिमूटभर घेतला आणि कपाळाला लावला. मग गौराबाईच्या कपाळाला लावला. तिनं डोळे मिटून घेतले.

"म्हणा आता," भैया म्हणाले, "ह्या घरचं मत..."

"मताचं काय?" मी म्हटलं. "भंडारा देवाचा आहे, तो लावला. मत माझं आहे. ते तुम्हाला सांगायची रीत नाही."

मल्लिनाथ माझ्या अंगावर धावून आला. गौराबाई मध्ये उभी राहिली म्हणून वाचले. "आजपासून तुम्ही माझ्या कुणी नाही," तो म्हणाला, आणि खरंच, त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. भैया तडक गाडीत बसून निघून गेले. विमलताईंनी पुढं शब्द पाळला. चाळ पडली नाही, खोली माझ्या नावावर झाली. त्या दिवशी देवळातून घरी आले तेव्हाच मला वाटलं, जिंकले मी.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी जगदेवी आली. नवऱ्यानं माझ्याकडं यायला बंदी केली होती, म्हणून मागच्या बाजूनं आली आणि आत येताच दार लोटलं.

"अक्का, खरंच तुम्ही यन्नम बाईला दिलं?"

"दिलं."

"कसं वाटलं?"

"कसं वाटायचं? बटण दाबलं."

ती खाली बसली. "मला पण तिलाच द्यायचं होतं. माझी पण खोली आहे ती. माझी पण चूल आहे. त्या कोपऱ्यातल्या इमारतीत मला कुठं जायचं होतं? पण ह्यांनी उचलला होता ना. मी मशीनसमोर उभी राहिले, बोट तिच्या बटणावर नेलं. आणि वाटलं, ह्यांचं काही बरंवाईट झालं तर? मीच मारलं असं होईल. मग दाबलं दुसरंच." ती माझ्या कपाळाकडं बघत होती. पुसट पिवळं राहिलं होतं तिथं. "तुमचं बरं झालं, अक्का."

माझा हात वर गेला. तिच्या थोबाडीत द्यायलाच गेला. बसवंताची छाती, ती उबळ, ओंजळीतलं ते रक्त, तीन वर्षं रिकामं अंथरूण, आणि ही म्हणते बरं झालं.

ती हलली नाही. मार खायच्या तयारीनं तशीच बसून राहिली, कारण तिला माहीत होतं आपण काय बोललो ते. आणि मलाही कळलं, की ती खोटं बोललेली नाही. कॉम्रेड आले, आप्पा आले, भैया आले, पेट्या गेल्या, मशिनं आली, नकाशे बदलले. आणि ह्या मतदारसंघात बाईला स्वतःचं मत द्यायला आधी नवरा मरावा लागत होता. तिचा जिवंत होता. मी देवळात कपाळाला भंडारा लावून मिरवत होते तेव्हा ती पायरीवर सवाष्णींच्या घोळक्यात उभी होती, एकही शब्द न बोलता.

मी हात खाली घेतला. तिनं पदरानं तोंड पुसलं, त्याची जेवायची वेळ झाली म्हणाली आणि मागच्या दारानं गेली.

त्यानंतर तीन निवडणुका झाल्या. गल्लीत आता दुसऱ्याच पक्षाचं ताट फिरतं, नवं चकचकीत, आणि ते आमच्याही दारापुढं थांबतं. मी उचलत नाही. जगदेवी दर वेळी रांगेत माझ्या पुढं उभी असते आणि बाहेर येताना माझ्याकडं बघत नाही. मल्लिनाथ धडधाकट आहे. रोज सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला जातो.